एक घमेलं वाळू

रविवार, ५ जानेवारी. हजर: मी, सासूबाई, शेजारचे चाचा, पुण्याहून फोनवर मुलगा, आणि बिअर्डेड ड्रॅगन. म्हणजे मूळचा ऑस्ट्रेलियाचा, हातभर लांबीचा, गळ्याखाली काटेरी दाढी असलेला सरडा. मुलाला पुण्यात नोकरी लागली, खोलीमालकाला प्राणी नको होते, म्हणून काचेच्या पेटीसकट सरडा आमच्याकडे बीडला आला. मुलगा त्याला नर समजत होता, म्हणून आम्हीही.

त्या आठवड्यात त्याने खाणं सोडलं होतं. भोपळ्याचा कीस तसाच, नाकतोडे पेटीत मोकळे फिरत होते. आणि दिवसभर कोपऱ्यात काच ओरखडणं चालू. दिवा, ऊब, पाणी, सगळं तपासून झालं होतं. रविवारी सकाळी गच्चीवर उन्हाला नेताना पोटाखाली हात धरला, तर पिशवीत बोरं भरावीत तसं हाताला लागलं. मी मुलाला फोनवर दाखवलं, त्याने तिथल्या डॉक्टरांना.

डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं. ही मादी आहे, पोटात अंडी आहेत. नर नसला तरी घालते. पण उकरायला जागा मिळाली नाही तर अंडी धरून ठेवते, ती अडकतात आणि मादी मरते. ऑपरेशन पुण्यातच, आणि या थंडीत तो प्रवास तिला झेपेलच असं नाही. खोल टबात ओलसर वाळू आणि माती भरा, मूठ वळली पाहिजे, आणि आजच भरा.

टब होता. माती कुंड्यांत होती. वाळूचं अवघड. हल्ली आमच्याकडे सगळी बांधकामं क्रश सँडवर चालतात, आणि त्या खडीच्या चुऱ्याने तिचं पोट सोलवटलं असतं. नदीची वाळू गेवराईकडून येते, आली तर. आमच्या गल्लीत ती फक्त चाचांकडे होती. त्यांचा फळांचा गाडा आहे, घरावर खोली चढवतायत. ढिगावर ताडपत्री, मांजरं येऊ नयेत म्हणून भोवती बाभळीच्या फांद्या.

"चाचा, एक घमेलं वाळू पाहिजे."

"कशाला भाभी? बांधकाम काढलं का?"

"सरडा अंडी घालणार आहे."

चाचांनी ताडपत्रीवरचा हात काढला नाही. "या वाळूपायी ट्रॅक्टरवाल्याच्या मागं फिरून चपला झिजल्या माझ्या. आमच्या घरात अजून प्लास्टर न्हाई, अन् तुमच्या सरड्याला बाळंतपणाची खोली?"

"नाही मिळाली तर मरेल ती."

"मरंल? अंड्यानं?"

"अडकली तर मरेल."

चाचांनी फांद्या बाजूला केल्या. "घ्या भरून. पण मी बघायला येणार. असं कदी बघितलं न्हाई."

वाळू चाळली, माती मिसळली, मूठ वळेपर्यंत पाणी शिंपडलं. टबावर दिवा लावला आणि तिला आत सोडलं. आम्ही तिघं भोवती वाकलो. ती दगडासारखी बसून राहिली.

सासूबाईंनी आम्हाला मागे ओढलं. "बाळंतिणीभोवती असा बाजार मांडतात का? आड धरा." त्यांनी जुनं लुगडं आणून दोन खुर्च्यांमध्ये बांधलं. "गडीमाणसानं तर बाहेरच बसावं."

"मोबाईलवर तरी दाखवा भाभी," चाचा ओसरीवरून म्हणाले.

मला मात्र राहवलं नाही. लुगड्याच्या फटीतून एक डोळा लावून बसले. ती पुढच्या पायांनी वाळू मागे ढकलत होती, मागच्यांनी बाहेर. हळूहळू डोकं दिसेनासं झालं, मग नुसती शेपटी. दुपार झाली तेव्हा ती उलटी फिरून बसली आणि बराच वेळ काहीच हललं नाही. नंतर खड्डा बुजवायला लागली. वाळू ओढायची आणि नाकाने ठोकून बसवायची. हे तिला कोणी दाखवलं असेल? दुकानात जन्मली, आयुष्य काचेत गेलं.

तिला बाहेर काढलं तेव्हा पोटाची कातडी लोंबत होती. वाळूत पांढरी, मऊ सालीची अंडी होती. सासूबाई मोजू देईनात. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "हिला शेपू चालेल का?" डॉक्टरांना विचारलं. थोडा चालतो. तिने दोन काड्या खाल्ल्या. चाचा आत येऊन टबाशी उकिडवे बसले आणि गाड्यावर जायचं विसरले.

आज मंगळवार. सकाळपासून तिने पुन्हा कोपरा ओरखडायला घेतलाय. डॉक्टर म्हणतात, एखादं अंडं आत राहिलं असेल. दोन बोटांनी पोट हलकेच चाचपून सांगा. दिवा लावला आहे, हात ऊन पाण्यात धरून गरम केले आहेत. चाचपायचं बाकी आहे.