न सापडलेली चूक

लेखनाचा मला सराव नाही. पंचेचाळिसाव्या वर्षी हे धाडस करतो आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

बीडमध्ये एका कंपनीला निष्णात सॉफ्टवेअर डेव्हलपर हवा होता. जागा एकच होती, आणि पुणे सोडून बीडजवळच्या नेकनूरला आईवडिलांजवळ राहण्याची माझी ती एकमेव संधी होती. अखेरच्या फेरीत आम्हा दोघा उमेदवारांना एकाच टेबलाशी बसवून एक बिघडलेला प्रोग्रॅम दुरुस्त करायला दिला. शेजारचा तरुण नांदूरघाटचा होता. त्याचे नाव मी विचारलेच नाही.

मी लगेच टाइप करू लागलो. तो मात्र पेनाचे टोपण काढत-लावत नुसता वाचत राहिला. तो अडला आहे, असे वाटून मला झालेला आनंद आज सांगताना लाज वाटते. मग तो कागदावर बारीक अक्षरात काही लिहू लागला आणि हळूच म्हणाला, "सर, तुमचं लई झपाट्यानं चाललंय. घावली का काय चूक?"

मी खोटेच मान डोलावली.

परीक्षक बाई आल्या. चूक हाती लागली नसतानाही मी दहा मिनिटे अस्खलित बोललो. तो उठून उभा राहिला. "मॅडम, मला न्हाई घावली. पर कुठं कुठं न्हाई, ते सांगतो." त्याने कागद पुढे सरकवला. बाई माझ्याकडे पुन्हा वळल्याच नाहीत.

मी अजून पुण्यातच आहे आणि अजून त्याच्यावर जळतो. माझ्या जागी तुम्ही असता, तर "मला सापडली नाही" असे म्हणाला असता का?