मथुराबाईंची फेरी

मथुराबाई आमच्या संस्थेच्या बागेत सव्वीस वर्षं माळीकाम करतात. बाग अकोट्याला, विश्वामित्रीच्या काठावर. त्या राहतात प्रतापनगरला. यजमान रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. बाईंचे आजोबा गायकवाडी पागेत होते. पागेतल्या माणसाला घोड्याइतकंच गवतही कळावं लागे: कोणतं चालतं, कशाने पोट फुगतं. संस्थान गेल्यावर ते टांगेवाल्यांना गवत विकत. आजोबांबरोबर नदीकाठी भारे बांधता बांधता लहानग्या मथुरेला ते सगळं पाठ झालं. आपण ज्याला नुसतं तण म्हणतो, त्यातल्या प्रत्येकाला बाईंकडे नाव आहे. बहुतेकांना दोन, एक मराठी आणि एक गुजराती.

फेब्रुवारीअखेर आमच्याकडे रानफुलांचा उत्सव भरतो. जाणकार मंडळी लोकांना बागेतून फिरवून फुलं ओळखायला शिकवतात. आजवर या फेऱ्या प्राध्यापकांच्याच असत. यंदा वनस्पतिशास्त्राच्या निरुपमाताई समितीत म्हणाल्या, "एक फेरी मथुराबाईंची ठेवा. अर्धी नावं मीच त्यांना विचारते." कचेरीचं काम माझ्याकडे, म्हणून मी यादीत लिहिलं: रविवार, सकाळी साडेसात, पंपघरामागचा उतार.

बाईंना सांगितलं तर हसल्या. "मी काय बोलणार साहेब? मी तर उपटणारी!"

पण दुसऱ्या दिवसापासून डबा खाऊन झाला की त्या उतारावर दिसू लागल्या. पाणी ओसरून भेगाळलेल्या मातीत गोरखमुंडी फुलली होती, जांभळ्या गोट्यांसारखी. भुईरिंगणी होती, जलपिंपळी होती. कुणी तुडवू नये म्हणून त्यांनी काठ्या रोवल्या. सुभानपुऱ्याहून लेक शिवांगी यायची होती. "आई, तुला माइक देणार का गं?" असं तिने फोनवर विचारल्याचं बाईंनी मला दोनदा सांगितलं.

उत्सवाआधी मी दरवर्षी एक सूचना काढतो: कार्यक्रमापूर्वी संपूर्ण परिसरातील गवत व तण काढून जागा स्वच्छ करावी. मागच्या वर्षीचा कागद घ्यायचा, तारीख बदलायची, सही करायची. यंदाही तेच केलं. शुक्रवारी कागद माळ्यांच्या खोलीत लागला.

रविवारी बाईंच्या फेरीच्या फलकाखाली वीसेक माणसं जमली. शिवांगी सर्वांत पुढे. मथुराबाई मात्र कामाच्या साडीत, पलीकडे पाचोळा गोळा करत होत्या.

"अहो, इथे काय करताय? तुमची मंडळी थांबलीत."

"माझी?" त्यांचा झाडू थांबला. "फेरी रद्द झाली ना? काल सगळं कापलं मी. तुमचाच कागद होता."

"रद्द झाली असं कोण म्हणालं?"

"कुणी नाही. वाटलं, तोंडावर सांगायला तुम्हाला अवघड गेलं असेल. लेकीला कळवायचीसुद्धा लाज वाटली मला."

उताराची हजामत झाली होती. कडेला कापलेल्या तणाचा ढीग. बाई त्या ढिगापाशी बसल्या, कोमेजलेली गोरखमुंडी शोधून काढली आणि वर धरली. "ही मुंडी. वास घेऊन बघा."

काही जण वाकले. मागून मानसिंगराव, आमचे जुने आजीव सभासद, मोठ्याने म्हणाले, "वा! आधी खून, मग ओळखपरेड! बाई, दाखवायची होती तर कापलीत कशाला?"

लोक हसले. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात उपस्थितीचा तक्ता होता. मी डोकी मोजू लागलो.

"चूक झाली, भाऊसाहेब," बाई मानसिंगरावांना म्हणाल्या.

शिवांगी खाली मान घालून उभी होती. दहा मिनिटांत निम्मी मंडळी शेजारच्या प्राध्यापकांच्या फेरीत मिसळली. उरलेल्यांना बाई एकेक काडी उचलून अर्धा तास सांगत राहिल्या. मी तक्त्यावर सही करून कचेरीत गेलो.

सोमवारी मी माळ्यांच्या खोलीवर गेलो. म्हटलं, "काल मी बोलायला हवं होतं."

त्या विळ्याला धार लावत होत्या. "काल शिवांगी होती, साहेब. आज मी एकटीच आहे."

"पुढच्या वर्षी उताराला कुणी हात लावणार नाही."

"पुढच्या वर्षी तुम्ही कुठे असणार? जूनमध्ये निवृत्त होताय ना?" मग जरा हसून म्हणाल्या, "जवा दो साहेब, जाऊ द्या, झालं ते झालं. पण माझं नाव आता घालू नका."

समितीच्या बैठकीत मी सारं सांगितलं. निरुपमाताईंनी ते इतिवृत्तात लिहून घेतलं. पण बैठकीला आम्ही सातच जण होतो. आमच्या वार्तापत्राचा हा उत्सव-अंक फेरीला आलेल्या सगळ्यांच्या घरी जातो, म्हणून इथे लिहितो. ती फुलं मथुराबाईंनी माझ्या सहीच्या कागदावरून कापली. मानसिंगरावांच्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं, आणि मी गप्प राहिलो. शिवांगी, तुमच्या आईची काही चूक नव्हती. हे मी त्याच वेळी, तुमच्यासमोर सांगायला हवं होतं.