घरासमोरच्या खांबाखालचा फोटो

आमच्या भागातले रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करणारी जी वायरमन आहे, ती माझी धाकटी बहीण. सख्खी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी तिचं कौतुक करायला लागलो की 'हा कोण लागून गेलाय' असं कुणी विचारायला नको. पाना धरायला ती माझ्या टायरच्या दुकानात शिकली, त्यामुळे तिच्या कर्तबगारीत निम्मा वाटा माझा. ती म्हणते पाव. बरं, पाव.

घरात आणि गल्लीत तिला ठिणगी म्हणतात. हे नावही मीच ठेवलंय. शिक्षण माझं बेताचं, पण नाव ठेवण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही.

तिचं काम असं, की दिवसा शिडी लावायची, कमरेचा जाड पट्टा खांबाभोवती अडकवायचा, वर जाऊन दिवा बदलायचा आणि अंधार पडल्यावर परत येऊन तो लागलाय का बघायचं. खात्याला पुरावा पाहिजे म्हणून लागलेल्या दिव्याचा फोटो काढावा लागतो. बाकीचे काढतात आणि घरी जातात. आमच्या ठिणगीला ते पटेना. म्हणाली, नुसत्या दिव्याचा काय फोटो काढायचा, त्याचा उजेड कुणावर तरी पडलेला दिसायला नको? रस्त्यात दुसरं कुणी नसायचं, म्हणून ती स्वतःच दिव्याखाली उभी राहायला लागली. पुढं तिनं स्वतःचा डिजिटल कॅमेरा घेतला आणि तिला नादच लागला.

कॅमेरा शिडीच्या पायरीवर, त्याच्याखाली चिंध्यांची पिशवी. टायमर लावायचा आणि पळत जाऊन खांबाखाली थांबायचं. रात्री उजेड कमी, म्हणून ती कॅमेऱ्याचा डोळा बराच वेळ उघडा ठेवते. तेवढा वेळ अजिबात हलायचं नाही. हललं की माणसाचा धूर होतो. एका फोटोत तिच्याशेजारी एक कुत्रं बसलंय, तोंड एकदम स्पष्ट आणि शेपटीचा मात्र पंखा झालाय. एकात ती बंद दुकानाच्या पायरीवर डबा खातेय, एकात भिंतीला टेकून डोळे मिटून उभी आहे, सगळं अंग दिव्याच्या रंगानं पिवळंधमक. फ्लॅश कधीच मारत नाही. म्हणते, माझा दिवा असताना उसना उजेड कशाला? मी ते फोटो दुकानात लावलेत. हवा भरायला आलेला माणूस ते बघितल्याशिवाय जाऊ शकत नाही, कारण तोपर्यंत मी हवा भरतच नाही.

पण दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तसं झालं होतं. सगळ्या खांबांखाली तिचे फोटो झाले, आमच्या घरासमोरचा तेवढा राहिला. तो तिला आईबरोबर काढायचा होता, आणि आई काही केल्या येत नव्हती.

आईनं तिला कामाला जाऊ नको असं कधी म्हटलं नाही. पण ठिणगी त्या खांबावर चढली की आई खिडकी लावून घ्यायची आणि आत भांडी घासत बसायची, घासलेलीच. ते ठिणगीच्या मनाला लागायचं. एकदा मला म्हणाली, दादा, सगळी गल्ली मान वर करून बघते, हिलाच तेवढं बघवत नाही.

मग खात्याचा हुकूम आला. पिवळे दिवे काढून पांढरे बसवायचे. आमच्या गल्लीची पाळी उद्या सकाळी. म्हणजे त्या दिव्याची ती शेवटचीच रात्र. ठिणगीनं आईला एवढंच विचारलं, "येतेस का?" आईनं शाल घेतली आणि चपला घातल्या.

आता आईची अडचण अशी की तिच्या हाताला आणि मानेला कंप आहे. पहिला फोटो काढला. ठिणगी अगदी कोरलेली, आणि तिच्याशेजारी एक शाल घातलेला धूर. आई म्हणाली, परत काढ. परत तेच. तिसऱ्या वेळी आईची शाल नीट करायला मी मध्ये गेलो आणि मागे आलो. त्या फोटोत मी आहे, दिसत नाही एवढंच. समोरचा शिंपी खिडकीतून म्हणाला, अहो, भाऊसाहेब पहिल्यांदाच कुठंतरी असून दिसले नाहीत.

शेवटी ठिणगीनं नाइलाजानं फ्लॅश मारला. त्यात आई हलली नाही, पण चेहरा पिठात बुडवल्यासारखा पांढराफटक, आणि दिव्याचा पिवळा उजेड पार गायब. आईनं कॅमेरा डोळ्यांजवळ धरून बघितला.

"ही कुणाची भुताची आई?" ती म्हणाली. "राहू दे गं. मी नसलेलीच बरी दिसते."

आणि घराकडं वळली. ठिणगी कॅमेरा हातात धरून तशीच उभी. विजेला न घाबरणारी पोरगी, पण तिचा चेहरा मला बघवेना. मी म्हटलं, आई, थांब जरा.

तेवढ्यात ठिणगीनं अजून कमरेलाच असलेला कामाचा पट्टा सोडला. आईला परत आणून खांबाला पाठ टेकवून उभं केलं, डोक्यामागं शालीची घडी दिली आणि पट्टा खांबाभोवती आणि आईभोवती टाकून बक्कल लावलं. आईचे दोन्ही हात पट्ट्याच्या आत सरकवले. मी म्हटलं, अगं, आईला काय खांबाला बांधतेस? शिंपी खिडकी सोडून खाली यायला निघाला.

"अंग सोड," ठिणगी आईला म्हणाली. "सगळा भार पट्ट्यावर टाक."

आई आधी घाबरत, मग हळूहळू टेकली. पट्टा ताणला, पण तसूभर सरकला नाही. तिची मान खांबाला लागली आणि थरथर थांबली. आई अंगठ्यानं पट्टा चाचपत राहिली.

"एवढा घट्ट असतो होय हा?" ती म्हणाली. "मला वाटायचं, नुसती दोरी असेल."

ठिणगीनं टायमर लावला, पळत आली आणि आईच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. मीसुद्धा श्वास रोखून धरला, फोटोत नसूनही.

तो फोटो आता माझ्या दुकानात दारासमोर आहे. आईचा अंगठा तेवढा जरा पुसट आलाय. बाकी सुरकुती न् सुरकुती मोजून घ्या. आणि दोघींवर सारखा पिवळा उजेड. असा फोटो कुणी काढून दाखवावा, मी आयुष्यभर फुकट पंक्चर काढून देईन.

दुसऱ्या दिवशी सकाळी खात्याची गाडी पांढरा दिवा घेऊन आली. ठिणगीनं शिडी लावली, पट्टा बांधला. आमची खिडकी उघडीच होती, पण खिडकीत कुणी नव्हतं. आई खाली आली होती. तिनं थरथरत्या हातांनी ठिणगीचं बक्कल एकदा ओढून बघितलं, मग दुसऱ्यांदा ओढलं आणि म्हणाली, "जा वर." आणि दिवा उतरेपर्यंत मान वर करून बघत उभी राहिली.