देवघरातली दमट हवा

दिरानं पुण्याहून आणलेली ती पांढरी डबी काडेपेटीएवढी होती. खोलीतला दमटपणा ती मोजायची आणि आकडा माझ्या मोबाइलवर दाखवायची. आकडा फार चढला की छताजवळच्या झरोक्यात बसवलेला पंखा आपोआप सुरू होऊन कोंदट हवा बाहेर फेकायचा. सासूबाईंना दमा. डॉक्टरांनी बजावलं होतं, त्यांना कोंदट जागेत बसू देऊ नका. आमचं देवघर म्हणजे घराच्या पोटातली बिनखिडकीची खोली, म्हणून दिरानं डबी तिथंच लावली.

घटस्थापनेच्या सकाळी सासूबाईंनी पंख्याचं बटण बंद केलं आणि त्यावर चिकटपट्टी लावली.

नवरात्रात सगळं तुळजापूर रस्त्यावर असतं आणि आमच्या घरातल्या बायका आत कोंडलेल्या. घट बसला की अखंड दिवा लागतो. तो शेवटपर्यंत जपायचा. दिव्यापाशी कुणीतरी कायम बसलेलं हवं, दार लोटलेलं हवं, वाऱ्याची झुळूकही येता कामा नये, ही आमच्याकडची रीत. दीर पुण्याला परतलेला, नवऱ्याची देवळात पूजेची पाळी, त्यामुळं बसायला आम्ही दोघीच. घटाच्या मातीला रोज पाणी, बाहेर परतीचा पाऊस, आत तेलाचा धूर आणि दोघींचे श्वास. भिंतीला हात टेकला तर तळवा ओला व्हायचा. माझाही जीव तिथं गुदमरायचा, पण सांगणार कुणाला?

मागं एकदा, माझ्या लग्नाआधी, हा दिवा मधेच गेला होता आणि दिवाळीच्या आत सासरे गेले. त्या वेळी दिव्यापाशी सासूबाई बसल्या होत्या. त्यांना कुणी बोल लावला नाही. त्यांनीच तो लावून घेतला आणि तेव्हापासून दार घट्ट झालं.

“आई, दिव्यावर काच ठेवू या की,” मी तिसऱ्या माळेला म्हणाले. “मग पंखा चालला तरी चालंल.”

“देवीला काचंत कोंडायचं व्हय?”

“आणि आपण कोंडून घेतलंय ते?”

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी मुकाट्यानं वातीची काजळी झाडायला लागले.

राग यायचा मला. बाई खोकून खोकून काळीनिळी पडत होती, छातीतून शिट्टी वाजत होती, आणि नजर सगळी त्या ज्योतीवर. चिकटपट्टी ओढून पंखा लावावा, तर दिवा गेल्याच्या धसक्यानंच त्या जातील. न लावावा, तर श्वास जाईल. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. मी नुसती मोबाइल बघत बसायचे. आकडा लाल व्हायचा आणि लालच राहायचा.

सहाव्या दिवशी घटावर चढवायची माळ आणायला मी बाहेर पडले. तामलवाडीच्या अंगानं आलेली पोरं हातात ज्योत घेऊन पळत होती. समोरून वारा, वर पावसाची भुरभुर, आणि ज्योत मजेत फडफडत होती. मला तिचा हेवा वाटला.

फुलवाल्यापाशी सवयीनं मोबाइल काढला. सकाळी अठ्ठ्याऐंशी असलेला आकडा एक्क्याऐंशीवर होता. बघता बघता शहात्तर झाला. आमच्या देवघरात आकडा कधी उतरतच नव्हता. दार उघडं पडलं असणार. म्हणजे आई उठल्या, नाहीतर पडल्या. घरी फोन लावला, उचलला नाही. माळ घेतली आणि निघाले, तर भाविकांचा लोंढा समोरून येत होता. लोकांच्या खांद्यांमधे अडकून मी जागच्या जागी हलत होते आणि हातात आकडा उतरत होता.

घरात शिरले तर पंख्याची घरघर. चिकटपट्टी काढून बाजूला भिंतीवर नीट चिकटवून ठेवली होती. देवघराचं दार सताड उघडं. सासूबाई दाराशीच, घटाकडं पाठ करून बसल्या होत्या. छातीतली शिट्टी थांबली होती. त्यांच्या मागं खोलीत अंधार होता.

“आई, दिवा...”

“इझलाय,” त्या म्हणाल्या. आमच्याकडं हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही. ‘शांत झाला’ म्हणतात. “पंखा म्याच लावला. लई कोंडल्यासारखं झालं गं, राहवंना. दिवा गेला तवाच बंद करणार होते, पण हात उठंना.”

मी काडेपेटी घ्यायला आत वळले. त्यांनी माझं मनगट धरलं.

“लावू की. घाई न्हाय आता. देवीला म्या सांगितलंय, यंदा जे यायचं असंल ते माझ्यावर येऊ दे, लेकरांवर नगं. तवर जरा वारा घेऊ दे मला.”

मी त्यांच्याशेजारी खाली बसले. माळ हातातच होती. मोबाइलवर आकडा आणखी उतरला. त्यांचा श्वास मोकळा चालला होता आणि माझा कोंडला होता.