पॉवरबँकेची झोप आणि मुर्रीची वानरं

गोंदियाजवळच्या मुर्रीला आमच्या घरामागे सासूबाईंची वाडी आहे. दोन पपया, वालाचा वेल, थोडी वांगी. सकाळी दहानंतर वानरांची टोळी कधीही भिंतीवरून उतरायची, म्हणून सासूबाई दिवसभर काठी घेऊन तिथेच बसायच्या. मी गोंदियाच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. एवढी विदुषी सून घरात असताना सासूने काठी धरावी, हे विज्ञानाच्या इभ्रतीला शोभेना.

मी एक छोटा कंट्रोलर बोर्ड, हालचाल ओळखणारा सेन्सर आणि भोंगा मागवला. समोर कोणी हललं की भोंगा वाजणार. जेवणाच्या टेबलावर तो फार सुंदर वाजला. टेबलावर वानरं नव्हती, ही किरकोळ बाब.

वाडीत वायर नको म्हणून चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी लावली. कोणती बॅटरी किती तास टिकेल याचं गणित मी दरवर्षी फळ्यावर करते. घरी करायची पद्धत नाही. दुपारी चारला भोंगा गप्प. दुसरी बॅटरी लावली, तीही संध्याकाळ पाहू शकली नाही.

"काऊन बंद पडून राहिली तुही मशीन?" सासूबाईंनी विचारलं.

"बॅटरी लहान आहे, आई."

"मंग मोठी लाव ना. एवढी शिकली कायले?"

नवऱ्याची पॉवरबँक लावली. ती अर्ध्या मिनिटात आपोआप बंद. केबल बदलली, बोर्ड बदलला, विकणाऱ्याला चार शब्द लिहूनही टाकले. मग दोन दिवसांनी उजेड पडला. बोर्ड इतकी कमी वीज घेत होता, की पॉवरबँकेला वाटायचं काही जोडलेलंच नाही, आणि ती झोपून जायची.

शेंगा निवडत बसलेल्या सासूबाईंना मी हे समजावलं.

"म्हंजे कमी खाल्लं म्हून कोणी हायेच नाही, असं समजते थे?"

"हो."

"असंच रायते. एवढी वर्सं मीबी उरलंसुरलंच खाल्लो. कोणी इचारलं?"

मी खाली बसून शेंगा निवडू लागले. निवडता निवडता त्याच म्हणाल्या, "मंग जास्त खाऊ घाल त्याले."

पॉवरबँकेच्या दुसऱ्या खाचेत मी एक छोटा दिवा खोचला. भर उन्हात वाडीत दिवा जळायला लागला आणि पॉवरबँक जागी राहिली. त्याच आठवड्यात कॉलेजात ऊर्जाबचतीवर माझं भाषण झालं. चांगलं झालं म्हणतात.

पहिल्या दिवशी वानरं पळाली. चौथ्या दिवशी टोळीतला थोराड नर भोंग्याच्या गजरात भिंतीवर बसून पपई खात होता. बहुधा त्याला संगीत आवडलं. जेवताना मी हळूच म्हटलं, "आई, उद्या काढून टाकते ते."

"हात नको लावू! वाजलं का काठी घेऊन जातो मी. दिवसभर थ्या उन्हात बसा नाही लागत आता."

तेव्हापासून दुपारी त्या शेजारणीच्या ओसरीत गप्पा मारायला जातात. भोंगा वाजला की उठतात, टोळी हाकलतात आणि अर्धं राहिलेलं बोलणं पुरं करायला परत जातात. पॉवरबँक चार्जिंगला लावायचं काम त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं. माझ्यावर भरवसा नाही.

परवा शेजारणीने स्वतःसाठी तसलीच मशीन मागितली. मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी सांगून टाकलं, "मशीन भेटन. पण वानरं तुलेच हाकला लागन."