उन्हात ठेवलेले सेल

मास्तर कुणाशी बोलायच्या आधी जिभेने वरचा पुढचा दात हलवून बघत. मग समाधानाने म्हणत, "आज आहे गा." बँडमधल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. सकाळी बारातीच्या बसजवळ आम्ही जमलो की आमचा ट्रम्पेटवाला वासुदेव लांबूनच ओरडे, "मास्तर, दात काय म्हनते?" मास्तर त्याच्याकडे न बघता क्लॅरिनेटची पेटी मांडीवर घेऊन खिडकीशी बसत.

मला वाटे, म्हातारपणाची सवय असेल. नंतर कळलं, की क्लॅरिनेट तोंडात धरताना वरचे पुढचे दात त्यावर टेकलेले असतात. दात हलला की सूर हलतो. मास्तरांचा तो एकच कामाचा दात उरला होता, आणि त्याच्या भरवशावर त्यांना आठ चाली वाजवून ठेवायच्या होत्या.

मास्तर रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. तरुणपणी ते रेल्वेच्या नाचघरात शनिवारी क्लॅरिनेट वाजवत. अँग्लो-इंडियन ड्रायव्हर आणि गार्ड आपल्या बायकांना घेऊन तिथे नाचायला येत. तिथलं संगीत म्हणजे जॅझ. मग एकेक कुटुंब ऑस्ट्रेलियाला गेलं, पियानोवर बसणारा ड्रायव्हरही गेला, आणि नाचघराला कुलूप लागलं. निवृत्तीनंतर मास्तर लग्नाच्या बँडमध्ये आले. वरातीत ते लोकांना हवी ती सिनेमाची गाणी वाजवत. पण गाण्याच्या शेवटी कधी कधी त्यांची बोटं भलतीकडेच वळत. घोड्यावरचा नवरदेव मागे वळून बघे.

मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडिलांचा हातमाग होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी बँडमध्ये साइड ड्रम वाजवायचो. हे मी कॉलेजात कुणाला सांगितलं नव्हतं. मास्तर मला नावाने कधी हाक मारत नसत, 'बीए' म्हणत. पहिल्याच दिवशी माझं वाजवणं ऐकून त्यांनी हात वर केला.

"बीए, कवायत काहून करून राहिला? घरी माग आहे ना?"

"हो जी."

"तो कसा बोलते? खट-खटाक, खट-खटाक. एक ठोका आखूड, एक लांब. तसा वाजव."

मी तसं वाजवलं. मास्तर डोळे मिटून म्हणाले, "हे घे. तीस वर्षं मी हे शोधून राहिलो, अन् हे कोष्ट्याच्या घरात होतं." मागाच्या आवाजात अभ्यास होत नाही म्हणून मी वडिलांशी भांडलो होतो. त्या दिवशी घरी जाऊन मी बराच वेळ मागाजवळ बसलो.

मास्तर चाली बांधत त्या प्रवासातच. नाचघरातली जुनी गाणी पुन्हा वाजवायची नव्हती त्यांना. त्याच जुन्या ढंगाच्या, पण स्वतःच्या चाली हव्या होत्या. बस खड्ड्यातून गेली की ते बोटाने खिडकीच्या गजावर ठोका धरत आणि गुणगुणत. मी वहीत सा-रे-ग-म लिहून घेई. प्रत्येक चालीला जिथे सुचली त्या गावाचं नाव. खाप्याला कन्हान नदीच्या पाण्यात पाय सोडून बसले असताना एक सुचली. नरखेडकडे एका संत्र्याच्या बागेत विहिरीवरची मोटर अडखळत चालली होती, तिच्यावरून दुसरी.

मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीचा माणूस पावसाळ्याच्या तोंडाशी नागपुरात येई. त्याने सीताबर्डीच्या वाद्यांच्या दुकानात निरोप ठेवला होता, नमुना असेल तर ऐकवा. मास्तरांनी चार सेलचा एक कॅसेट रेकॉर्डर घेतला, नव्या सेलचं पाकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "यंत्राचं तू पाह्य. शिकलेला आहेस."

बारात जानोशाला, म्हणजे वरपक्षाच्या उतरण्याच्या जागी, पोचली की मिरवणुकीपर्यंत बँडला दोन-तीन तास काम नसे. तेवढ्यात वासुदेव, मास्तर आणि मी एखादं झाड गाठून एकेक चाल कॅसेटवर भरत असू. वासुदेव कुरकुरे, "मास्तर, या चालीनं घोडी भडकल."

"घोडीले तरी समजते. तू वाजव."

आता माझं सांगतो. आमच्या घरी ट्रान्झिस्टरचे सेल संपले की वडील ते पत्र्यावर उन्हात ठेवत. तापले की ते आणखी चार-सहा दिवस चालत. जीव आहे तोवर वस्तू टाकायची नाही, हे आमच्या घराचं वळण. मी तेच केलं. मास्तरांचं नवं पाकीट शेवटच्या, सगळ्यात चांगल्या चालीसाठी जपून ठेवलं, आणि घरचे जुने सेल उन्हात तापवून घातले. वाजवून झालं की आम्ही तिथेच ऐकत असू. सगळं बरोबर वाटे. शेवटची चाल रामटेकला झाली. तेव्हाही हात पाकिटाकडे गेला आणि वाटलं, यातही काम भागतंय. दुसऱ्या दिवशी लग्नघरी दुधात बुडवलेली पोळी खाताना मास्तरांचा दात पडला. त्यांनी तो रुमालात बांधला आणि म्हणाले, "झालं ना सारं? मंग जाऊ दे."

सीताबर्डीच्या लॉजवर कंपनीच्या त्या साहेबांनी कॅसेट भिंतीतल्या विजेवर चालणाऱ्या मोठ्या यंत्रात घातली. क्लॅरिनेट किंचाळत निघालं. माझा ड्रम पावसाच्या गारांसारखा तडतडत होता. साहेबांचा मदतनीस तोंडावर हात धरून हसला. साहेब म्हणाले, "मास्तर, ये बच्चों का बाजा है क्या? धून अच्छी है. इतनी जल्दी काहे की? आराम से बजाके लाओ. दो महिने बाद आता हूँ."

मला त्याच क्षणी समजलं. सेल मेलेले, म्हणून भरताना फीत हळू फिरली होती. पुऱ्या विजेवर ती धावत होती. आम्ही प्रत्येक वेळी त्याच मेलेल्या सेलवर ऐकलं, म्हणून कळलं नाही. एवढं एक वाक्य मला बोलता आलं असतं. साहेबांच्या पुढे इंग्रजी बोलावं की हिंदी, या विचारातच मी उभा राहिलो. मास्तर ओठ घट्ट मिटून म्हणाले, "बरं साहेब." दाताची जागा त्यांनी दिसू दिली नाही.

जिन्यावर ते एवढंच बोलले, "दात हलत होता ना, दाबून धरलं म्या. म्हनून सूर चढला." मी मान हलवली.

त्यांनी बँड सोडला. मला तोंड दाखवायचं धैर्य होत नव्हतं. हिवाळ्यात, ते अंथरुणाला लागलेत असं रस्त्यात भेटलेल्या वासुदेवने सांगितलं, तेव्हा मी गेलो आणि सगळं सांगितलं. न फोडलेलं पाकीटही समोर ठेवलं. मास्तरांनी ते उलटून पाहिलं.

"तवा काहून नाही बोलला?"

मी पाकिटाची दुमडलेली कड सरळ करत बसलो.

"सहा महिने मले वाटून राहिलं गा, मीच तसा वाजवला." मग त्यांनी पाकीट बाजूला सारलं. "ते मेलेले सेल आहेत?"

घरच्या डब्यात होते. मी सायकलवर जाऊन आणले. खिडकीच्या दगडावर तापवून मास्तरांकडच्या त्याच रेकॉर्डरमध्ये घातले. खाप्याची चाल लागली, आणि सूर अगदी जागेवर होता. मास्तरांची बोटं पांघरुणावर हलत होती. सहा चाली झाल्या आणि आवाज लांबत लांबत बंद पडला. मास्तरांनी सेल स्वतः काढले, पुन्हा दगडावर मांडले, आणि सावली आली की एकेक सेल बोटाने उन्हाकडे सरकवत बसले. ऊन कारखान्याच्या भिंतीमागे गेलं.

"उरलेल्या दोन उद्या आइकू," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी माझी चाचणी परीक्षा होती. मग दुसरा पेपर, मग तिसरा. मी गेलो तो अकरा दिवसांनी. अंगणात मांडव नव्हता, गर्दी नव्हती. दारात फक्त काकू, मास्तरांची बायको, बसल्या होत्या. मास्तरांना जाऊन चार दिवस झाले होते. मला कुणी कळवलं नाही, कारण माझा पत्ता कुणापाशीच नव्हता.

"रोज उन्हात ठेवत होते हे," काकू म्हणाल्या. "म्हनत, बीए येते आज. मले म्हने, ऊन सरकलं की सरकवत जा वं."

त्यांनी रुमालात बांधलेले चार सेल माझ्या हातावर ठेवले. ते गरम होते.