डाव्या हाताची माफी

सेलूला मी पोरींना बॉक्सिंग शिकवते. काल त्यांचे ओले ग्लोव्ह्ज उन्हात टाकताना घामट चामड्याचा कुबट वास आला आणि जुना राग पुन्हा पेटला.

विशीत माझी राष्ट्रीय संघाच्या शिबिरासाठी निवड झाली होती. गावानं शाल-श्रीफळ दिलं, बाबांनी पेढे वाटले. तिथं गेल्यावर कळलं, की मी संघात नव्हतेच. संघातल्या मुलीची पुढची लढत एका डावखुरीशी होती, म्हणून सरावाला तशीच कोणीतरी हवी होती. वर्ध्यात निवडीच्या वेळी माझी एकही लढत कोणी पाहिली नव्हती. वजन केलं, सही घेतली. मी पेन डाव्या हातात धरला, तेवढ्यावर झाली निवड!

तिसऱ्या दिवशी सरावात माझा डावा ठोसा त्या संघातल्या मुलीच्या जबड्यावर बसला आणि ती गुडघ्यांवर आली. वाटलं, आता तरी कोणी माझ्याकडे बघेल. तेवढ्यात मला घेऊन आलेले वर्ध्याचे सर धावत आले.

"काऊन मारलं तिले एवढ्या जोरानं? मार खायले आणलं तुले इथं, मारायले नाई!"

आणि मी मान खाली घालून तिची माफी मागितली. तरी दुसऱ्या दिवशी घरी पाठवलंच.

सरांचा राग येतोच. पण जास्त चीड येते ती त्या माफीची.

आज सकाळी तशाच एका शिबिरातून फोन आला. सरावाला एखादी डावखुरी पोरगी आहे का?

"आहे," मी म्हटलं, "पण ती माफी मागणार नाही."